सुगंधाबाईंची रांग

"लॉक काढ."

श्रीमती सुगंधा म्हात्रे यांनी माझ्याशी उच्चारलेले हे पहिले दोन शब्द. विरार पूर्वेच्या वाहनतळावर मी नुकतीच माझी स्कूटर उभी करून तिच्या हँडलला कुलूप लावले होते. समोर पन्नाशीच्या, काटक बांध्याच्या, पदर कमरेला खोचलेल्या बाई उभ्या होत्या.

"आपण कोणाशी बोलत आहात, याची आपल्याला कल्पना आहे काय?" मी विचारले.

"गाडीवाल्याशी," त्या म्हणाल्या. "लॉक काढ, काका. लॉक लावलंस तर मी गाडी हलवू कशी?"

एका खाजगी कंपनीच्या विधी विभागात मी पस्तीस वर्षे नोकरी केली. परवानगीवाचून परक्याच्या वस्तूला हात लावण्याबद्दल कायदा काय म्हणतो, हे मी त्यांना तेथेच उभ्याउभ्या समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे, अगदी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "झालं? आता लॉक काढ." मी कुलूप काढले. का काढले, याचे समर्थन मला आजही देता येत नाही.

त्या कोणालाही 'तू' म्हणत. पोलीस हवालदाराला तू, डॉक्टरला तू, निवडणुकीच्या दिवसांत हात जोडून आलेल्या उमेदवारालाही तूच. त्यांचे माहेर चिंचोटीकडचे, सासर विरारचे, दोन्हीकडे भातशेती. सासरची शेती इमारतींखाली गेली, नवरा त्याआधीच गेला, आणि बाई वाहनतळावर परिचर म्हणून उभ्या राहिल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तेथे स्वतःची एक पद्धत बसवली. आलेली गाडी त्या आल्या जागी राहू देत नसत. कोण किती वाजता परतणार हे त्यांना तोंडपाठ असे, आणि दिवसभर त्या गाड्या अशा सरकवीत राहत, की जो आधी निघणार त्याची गाडी कडेला यावी. संध्याकाळी सात वाजता परतणारा बँकेतला माणूस भिंतीशी. दुपारी दोनला सुटणारी परिचारिका रस्त्याच्या बाजूला. त्यासाठी सर्वांनी हँडल मोकळे ठेवायचे, हा त्या तळाचा रिवाज होता. एवढ्याशा जागेत दुप्पट गाड्या राहत आणि कोणाचीही गाडी कधी अडकत नसे.

"हे तुम्हाला कोणी शिकवले?" मी एकदा विचारले.

"शिकवायचं काय त्याच्यात? भाताची उडवी रचताना जो भारा आधी झोडायचा तो वरती पायजे. खाली गेला तर सगळी उडवी मोडावी लागंल ना?"

माझ्या पत्रव्यवहाराविषयी त्यांना अपार कुतूहल होते. फुटलेली गटारे, बंद दिवे, पदपथावरची अतिक्रमणे यांसंबंधी मी संबंधित कार्यालयांना नियमाने पत्रे लिहितो आणि पोचपावती घेण्यासाठी स्वतः जातो. सकाळी मी स्कूटर लावली, की बाई विचारत, "आज कोनावर?" मी विषय सांगे. "आनि त्याचं उत्तर आलं का, त्या गटाराच्या पत्राचं?" आलेले नसे. "लिव, लिव," त्या म्हणत, "गटाराला पन वाटत असंल, कोनतरी आपल्याबद्दल लिवतंय."

मग शहरात अॅप आले. तळावर पांढऱ्या रंगाने चौकटी आखून त्यांना क्रमांक देण्यात आले. वाहनचालकाने आपल्या मोबाइलवर चौकटीचा क्रमांक टाकायचा, शुल्क तेथेच भरायचे, आणि ठेकेदाराच्या तपासनिसाने अधूनमधून येऊन गाड्यांच्या पाट्यांचे फोटो काढायचे. चौकट आणि गाडी यांचा मेळ बसला नाही तर दंडाची नोटीस थेट चालकाच्या मोबाइलवर. नोंद पारदर्शक होणार, म्हणून या व्यवस्थेचे मी लेखी स्वागत केले होते. बाईंना नारिंगी जाकीट आणि एक फोन मिळाला. जाकीट त्यांनी पहिल्या दिवसापासून मिरवले. फोनबद्दल त्यांचे मत निराळे होते. "याला गाडी दिसते, काका. गाडी कोनाची ते नाय दिसत."

दुसऱ्याच आठवड्यात, संध्याकाळी घरी परतल्यावर, मला दंडाची नोटीस आली. मी क्रमांक सतरा टाकला होता. फोटोत माझी स्कूटर चौकट क्रमांक तीनमध्ये होती. मी संतापलो. परतताना गाडी कोणत्या चौकटीतून काढतो, इकडे माझे लक्ष नसे; चौकटी आखल्यावर बाईंनी गाड्या हलवणे थांबवले असेल, असे मी गृहीत धरले, आणि दंड उकळण्यासाठी तपासनिसांनीच ती सरकवली, असा निष्कर्ष काढला. वाहनतळ घरापासून स्कूटरने पाच मिनिटांच्या अंतरावर होता. तेथे जाऊन विचारण्याऐवजी मी घरीच बसून महापालिकेला दोन पानी पत्र लिहिले: माझ्या अनुमतीवाचून माझे वाहन हलविणाऱ्या व्यक्तीचा तत्काळ शोध घ्यावा आणि तिच्यावर अत्यंत कठोर कारवाई करून मला लेखी कळवावे.

आठ दिवसांत उत्तर आले. इतक्या त्वरेने आणि इतक्या मुद्देसूदपणे माझ्या पत्राची दखल यापूर्वी कोणीही घेतली नव्हती. 'सदर व्यक्तीचा शोध घेण्यात आला असून, परिचर श्रीमती सुगंधा म्हात्रे यांना कामावरून कमी करण्याचे ठेकेदाराने प्रस्तावित केले आहे. तक्रारदार या नात्याने आपण सुनावणीस उपस्थित राहावे.'

मी कागद घेऊन तसाच तळावर गेलो. बाईंना सारे आधीच कळलेले होते.

"उत्तर आलं म्हनं तुझ्या पत्राला," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच ना? पेढे कुठं हायेत?"

"सुगंधाबाई, मला ठाऊक नव्हते. अजूनही तुम्हीच गाड्या हलवता, हे मला..."

"मंग कोन हलवनार? भिंतीवरच्या पाली?" त्यांनी एका मोटारसायकलचे हँडल सरळ केले. मग आवाज खाली आला. "शेत असतं तर गेली असती रे शेतात. इथनं काढलं तर मी जाऊ कुठं, ते पन लिव त्या पत्रात."

त्याच दुपारी मी, आयुष्यात प्रथमच, स्वतःच्या पत्राविरुद्ध पत्र लिहिले. 'माझी तक्रार वस्तुस्थितीची खातरजमा न करता केलेली असल्याने ती मी बिनशर्त मागे घेतो,' हे वाक्य मी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिले, हे मान्य केले पाहिजे. सुनावणी कार्यालयात न घेता प्रत्यक्ष तळावर घ्यावी, अशी विनंतीही मी त्यात केली.

महापालिकेच्या एक तरुण अधिकारी आल्या. सोबत ठेकेदाराचा व्यवस्थापक टॅब्लेट छातीशी धरून उभा होता. "मॅडम, सिस्टिममध्ये अलाउडच नाहीये," तो म्हणाला. "स्लॉट मॅच व्हायलाच पाहिजे. ही बाई ऐकतच नाही."

मी माझी बाजू मांडली. हँडलचे कुलूप जाणूनबुजून मोकळे ठेवणे ही गाडी सरकवण्यास दिलेली संमतीच होय, आणि ती संमती मी स्वतः दोन वर्षे रोज देत आलो आहे. अधिकारी लिहून घेत होत्या. मग त्यांनी पेन थांबवले आणि त्या सुगंधाबाईंकडे वळल्या. "पण मावशी, एवढ्या गाड्यांचं तुमच्या लक्षात राहतं तरी कसं?"

"लक्षात कशाला ठेवायचं? दिसतं ते." बाई रांगेतून चालू लागल्या. "ही शाळेतल्या बाईची, साडेबाराला येनार. ही लाल, हिचा मालक पोरीला डायलिसिसला नेतो, तो कवा पन धावत येतो, म्हनून त्याच्यापुढं कायच लावायचं नाय. हा बँकवाला, सातच्या आधी नाय येनार, याला भिंतीला टेकवून ठेव." असे करीत त्या रस्त्याच्या कडेच्या चौकट क्रमांक तीनपाशी आल्या. तेथे माझी स्कूटर होती. "आनि ही या काकाची. ही कायम कडेला. हा जातो कचेरीत. सायब जागेवर नसला तर धा मिनिटांत परत. सायब भेटला तर भांडन, मंग तीन तास. आनि कवा पन आला तरी तनतनत येतो. तवा याची गाडी अडकली तर बिचाऱ्याचं बीपी वाढंल."

अधिकारी खळखळून हसल्या. व्यवस्थापक टॅब्लेटआड हसला. ज्या बाईंवर अत्यंत कठोर कारवाई व्हावी असे मी लेखी मागितले होते, त्या दोन वर्षे माझ्या रक्तदाबासाठी कडेची जागा राखत होत्या.

तेवढ्यात लाल गाडीचा मालक खरोखरच धावत आला. कोणाकडेही न पाहता त्याने गाडी काढली आणि क्षणात निघून गेला. बाईंनी फक्त वाटेतला व्यवस्थापकाचा पाय बाजूला करवला. अधिकाऱ्यांनी वही मिटली. "मला जे पाहायचं होतं ते पाहिलं," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी आदेश निघाला. अॅपमध्ये दुचाकींची संपूर्ण रांग ही एकच जागा समजावी. परिचरास रांगेच्या आत वाहन हलविण्याची मुभा राहील. चुकीने बजावलेल्या नोटिसा रद्द. श्रीमती म्हात्रे यांची सेवा पूर्ववत चालू. मी त्याची प्रत घेऊन तळावर गेलो आणि संदर्भ क्रमांकापासून स्वाक्षरीपर्यंत तीनही पाने त्यांना वाचून दाखवली. त्यांनी, पहिल्या भेटीत ऐकले होते तसेच, शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"म्हंजे मी आधी करत होती तेच आता करू?"

"होय."

"मंग तीन पानं कशाला लागली?"

"कारण मी आधी दोन लिहिली होती," मी म्हणालो.

त्या इतक्या हसल्या, की तोल सावरण्यासाठी त्यांना एका मोपेडचा आधार घ्यावा लागला. "पुढच्या टायमाला आधी येऊन इचार, काका," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "लांब नाय, इथंच उभी असते."

सुगंधाबाई आजही तेथेच उभ्या असतात. मी पत्रे लिहिणे सोडलेले नाही, सोडणारही नाही. परंतु अलीकडे लिहिण्यापूर्वी संबंधित माणसासमोर जाऊन उभा राहतो आणि विचारतो. बऱ्याचदा पत्राची गरजच उरत नाही. जेव्हा उरते, तेव्हा तो माणूस खरोखरच नालायक असल्याची खात्री पटलेली असते, आणि त्यामुळे पत्र पूर्वीपेक्षा पुष्कळच कडक होते.