शेजारच्या टेबलाची पाटी

कौसाबाई गेली हे मला तिचं दहावं उरकल्यावर कळलं. गारखेड्याच्या बाजारात कंपनीतली एक जुनी मैत्रीण भेटली. भाजी घेता घेता म्हणाली, "तुला म्हाईत नाय व्हय? बिडकीनची कौसा गेली की." हातातली मेथी मी तशीच परत ठेवली...

वाळूजला गाड्यांच्या वायरी बांधायच्या कामावर आमची टेबलं बारा वर्षं शेजारी होती. ती मेंढरं राखणाऱ्या घरची, शाळा न पाहिलेली. मी चौथी शिकलेली, पण चारचौघांत बोलायची भीती. माझ्या वाटचं साहेबांशी तीच बोलायची. एखादं टेबल थांबलं की शेजारणीनं त्यावर लाल पाटी अडकवायची, असा नियम होता. पाटीवर इंग्रजीत एकच शब्द, आयडल. खाली मराठीत तीन कारणं: वीज नाही, माल नाही, मशीन बिघडलं. साहेबांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "आयडल म्हणजे काम नसल्यानं नुसतं उभं असलेलं. टेबलाला म्हणायचं, मशीनला म्हणायचं." कौसा लगेच म्हणाली, "मंग आमच्या धन्याला म्हनलं तर चालंल का? त्यो बी दिसभर पारावर नुसता उभा ऱ्हातो." सगळी लाइन हसली. साहेबही हसले. "माणसाला नाही लावायचा तो शब्द, कौसाबाई."

एका दुपारी तिचे हात थांबले. कपाळावर घाम होता. हळूच म्हणाली, "शांते, छातीत कसंतरीच होतंय गं. साहेबाला सांग, जरा पडू द्या म्हनावं." साहेब दहा पावलांवर होते. मी उठले... पण तेवढं एक वाक्य मला जमलं नाही. मी खिळ्यावरची पाटी काढली आणि तिच्या टेबलाला अडकवली. पाटी बघून साहेब आपणच येतील, मग तीच सांगेल, असं वाटलं. साहेब आले. लाइट होती, माल होता, मशीन ठीक होतं. "काय झालं हो इथं?" त्यांनी मला विचारलं. मी मान खाली घातली. "मग बाईच आयडल झाली म्हणायची," ते म्हणाले. सगळ्या हसल्या. कौसाही हसली, आणि टेप उचलून कामाला लागली. सुटल्यावर बसकडे जाताना एवढंच म्हणाली, "पाटी कामून लावलीस गं?" तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. माझ्या वाटचं साहेबांशी बोलणंही सोडलं नाही.

परवा बिडकीनला जाऊन आले. सुनेनं चहा दिला. शेवटी लई त्रास झाला का, मी विचारलं. "त्रास कळू देत होत्या व्हय? डाक्टरनं निजून ऱ्हा म्हनलं होतं. पन दारात कुनी आलं की उठून बसायच्या, सूप घ्यायच्या मांडीवर. निवडलेलेच तांदूळ पुन्ना निवडायच्या. म्या म्हनायची, आत्या, पडा की. तर म्हनायच्या, रिकामं बसलेलं दिसाय नको बाई कुनाला." सून हसत सांगत होती. तिला पाटीचं माहीत नव्हतं. मला ते तिलाही सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिते...

सून आत गेली. कोपऱ्यात सूप होतं, त्यात मूठ-दोन मुठी तांदूळ तसेच राहिलेले. मी ते मांडीवर ओढलं आणि एकेक दाणा बाजूला करत गेले. खडा एकही नव्हता.