दोन भोंग्यांमधली धाव: पुन्हा भोपाळ

कुमुदच्या मुलाचा फोन आला म्हणून हे लिहिते आहे. "विजूमावशी, आई आता जमिनीवरून उठू नहीं पाती. आत्ता परत निघतोय, संक्रांतीला पुन्हा येतो आणि तिला बेंगळुरूला घेऊन जातो, हमेशा के लिए." अभय भोपाळमध्ये वाढला, त्याचं मराठी असंच. मागून कुमुद ओरडली, "मी कुठेही जाणार नाही." आवाजात जोर होता, पायांत उरला नव्हता. मी बॅग भरली.

एके काळी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आम्ही शेजारी होतो. दोघींचे नवरे कारखान्यात, मी तिथल्या शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्तीनंतर आम्ही पुण्याला आलो. कुमुदने टाउनशिपच्या भिंतीलगत छोटं घर घेतलं आणि नवरा गेल्यावरही तिथेच राहिली.

पुण्याहून गाडी थेट आहे. राणी कमलापती स्टेशनला उतरा. आम्ही जुनी माणसं अजून हबीबगंजच म्हणतो. डिसेंबरच्या सुरुवातीलाच धुकं पडतं, कानटोपी हवीच. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. टाउनशिपजवळच्या पिपलानीच्या बाजारात जिरावण मसाला भुरभुरलेले पोहे आणि जिलबी खाल्ली, मगच कुमुदची कडी वाजवली.

ती दोन्ही हातांनी खुर्ची रेटत उठली. पलंगाशी काठी होती.

"रोज फिरते की मी," ती म्हणाली.

"कशी?"

"सावकाश. रामरक्षा म्हणत."

"आणि सकाळी खातेस काय?"

"चहा-टोस्ट. या वयात आणखी काय लागतं?"

आमच्या पिढीच्या बायकांची हीच चूक. हळू चालायचं, चिमणीएवढं खायचं आणि पाय गेले की वयाला बोल लावायचा. स्नायूंकडून काम घेतलं नाही आणि त्यांना खायला घातलं नाही, तर ते झिजणारच.

आधी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हृदय, रक्तदाब तपासून परवानगी दिली. छातीत दुखलं तर तिथेच थांबा म्हणाले. वाचणाऱ्यांनीही हा क्रम चुकवू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाउनशिपच्या जुन्या रस्त्यावर गेलो. पूर्वी कारखान्याच्या पहिल्या भोंग्याला नवरे सायकलवर निघायचे, दुसऱ्याला मुलांना उठवायचं. मधला वेळ तेवढा आमचा. वेळ थोडा, म्हणून आम्ही विजेचे खांब मोजून एक खांब पळायचो, एक चालायचो. आता त्याला 'इंटर्व्हल ट्रेनिंग' असं इंग्रजी नाव मिळालंय आणि लोक त्याचे क्लास लावतात. रस्ता तोच आहे. कितीतरी क्वार्टर रिकामी पडलीत, आमच्या खिडकीतून घाणेरीचं झुडूप बाहेर आलंय. मी तिथे उभी राहिले नाही. राहिले असते तर निघालेच नसते.

"एक खांब झपाझप, एक हळू. मग बाकावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं," मी म्हटलं.

"विजू, मला काय शाळेतली पोर समजतेस?"

"पोरं ऐकायची." मी गळ्यातली जुनी शिट्टी वाजवली. "रामरक्षा म्हणता आली, तर तो झपाझप नव्हे."

पहिल्या दिवशी ती खांबाला धरून धापा टाकत राहिली आणि मला शिव्या देत राहिली. एक दिवस खांब, एक दिवस नुसता बाक, असं ठरवलं. टोस्ट बंद केले. मोडाचे मूग, पनीर, जेवणात वाटीभर घट्ट वरण आणि दही सुरू केलं. हळूहळू शिव्या कमी झाल्या, कारण श्वास चालण्यासाठी राखून ठेवावा लागायचा.

संक्रांतीला अभय आला. त्याने स्वतः चटई अंथरली. कुमुद बसली. मग गुडघ्यावर आली, एक पाय पुढे रोवला. हात भिंतीशी ठेवलेल्या काठीकडे गेला आणि मागे आला. तळवा स्वतःच्याच मांडीवर दाबून ती उभी राहिली.

अभयने चटई गुंडाळून ठेवली. "ठीक आहे आई. होली तक देखते हैं."

"होळीला तूच ये. पुरणपोळी करीन."

मी पुण्याला परतले. सोसायटीत खांब नाहीत, उभ्या गाड्यांमधून पळते. भोंग्याच्या वेळेला अजून आपोआप जाग येते. कान देते, काही वाजत नाही. शेजारी शिव्या देणारंही कोणी नाही.

भोपाळहून निघताना फलाटावर झालेली देवाणघेवाण अशी:

कुमुदला दिली: माझी शिट्टी, दोरीसकट.

कुमुदने दिलं: जिरावणाची बाटली आणि तिची काठी. म्हणाली, "तू घेऊन जा. घरात असली की हात जातो."