निळं घर

पाडव्याआधी घर रंगवायला काढलंय. रंगाऱ्यानं कुंपणाच्या भिंतीसाठी चुना भिजवला आणि त्या उग्र, गरम वासासरशी मला आई दिसली.

वडील फौजेतून सुट्टीवर येणार म्हणून ती याच घराला चुना देत होती. पांढरा खुलावा म्हणून चुन्यात चिमूटभर नीळ घालतात, तिच्या हातून अख्खी पुडी पडली. दुसरा चुना नव्हता, तिनं तोच फासला. वाळल्यावर घर इतकं निळं झालं की शेजारची काकू तोंडाला पदर लावून हसली.

संध्याकाळी वडील ट्रंक घेऊन दारात थबकले. "ह्ये काय केलंयस गं?"

आई जराही गडबडली नाही. "आवं, मुद्दाम केलंया. फाट्यावर उतरला की आपलं घर दिसाय पायजे तुमास्नी."

वडिलांनी वळून फाट्याकडं पाहिलं आणि ट्रंक आत नेली. पुढच्या सुट्टीला निळीच्या पुड्या त्यांनीच आणल्या.

आता रंगारी रंगांचं कार्ड पुढं करतोय. "काकी, हल्ली सगळी ऑफ-व्हाईट घेत्यात."

घेऊ देत. माझी लेकही फौजेतच आहे, पाडव्याला येतेय.

"निळा दे," मी म्हटलं. "फाट्यावरनं दिसाय पायजे."