एकोणचाळीस दात

खोपोली ते कर्जत या पट्ट्यातल्या गॅरेजांत एक गोष्ट अजून सांगतात. मी घासाघीस करता करता स्वतःचीच जीप मोडली, अशी ती गोष्ट. सांगणारे हसतात, ऐकणारे मांडीवर थाप मारतात. त्यांतला एकही जण त्या दिवशी त्या चढावर नव्हता. मी होतो. म्हणून काय झालं ते मीच लिहितो.

सत्तर सालानंतरचे दिवस. मी ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो, मग ड्रायव्हर झालो, आणि बारा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्यावर लष्कराच्या लिलावातून निघालेली एक जुनी जीप घेतली. आमच्या बौद्धवाड्यातलं चार चाकांचं पहिलं वाहन ते. घेतली खरी, पण तिला पोसायला काम हवं होतं. ते काम खालापूरच्या वरच्या अंगाला निघालं. डोंगरातल्या एका वाडीसाठी पाण्याची टाकी बांधायची होती आणि सिमेंट, रेती, सळ्या वर न्यायच्या होत्या. कंत्राटदार म्हणाला, भरलेला ट्रेलर एकदा वर नेऊन दाखव, पावसाळ्यापर्यंतच्या सगळ्या खेपा तुझ्या. नाहीतर रसायनीचा एक ट्रॅक्टरवाला तयारच होता. ते काम गेलं असतं तर मला जीप विकून परत दुसऱ्याच्या स्टिअरिंगवर बसावं लागलं असतं.

जीपची अडचण अशी होती की तिच्या चाकांची चाल लष्कराच्या हिशेबाची होती, पळण्यासाठी. माल ओढत चढ चढायचा तर चाक सावकाश आणि जोराने फिरायला हवं. त्यासाठी इंजिन बदलावं लागत नाही. दोन्ही अॅक्सलच्या पोटात क्राउन आणि पिनियन अशी दातेरी चाकांची जोडी असते, ती बदलावी लागते. क्राउनला दात जास्त, तर चाक सावकाश. माझ्या जीपच्या क्राउनला एकोणचाळीस दात होते. मला त्रेचाळीसचे हवे होते, पुढेही आणि मागेही. दोन्हीकडे सारखेच हवेत, कारण चारही चाकं जोडली की पुढची आणि मागची एकाच चालीने फिरली पाहिजेत.

नवा माल माझ्या आवाक्याबाहेरचा. मी कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराशी मी सकाळपासून दुपारपर्यंत भांडलो. दोनदा उठून चालू लागलो, दोनदा त्याने हाक मारून परत बसवलं, तीनदा चहा पाजला. शेवटी त्याला निम्म्यावर आणला. पहिली जोडी मी रॉकेलने धुऊन दात मोजून घेतली. त्रेचाळीस. दुसरी ग्रीसमध्ये बरबटलेली, गोणपाटात गुंडाळलेली होती. म्हातारा म्हणाला, "वही माल है, भाई. अब तो जान छोड़ो." निम्म्यावर आणल्याची धुंदी माझ्या डोक्यात होती. मी ते गोणपाट उघडलं नाही. ही माझी चूक, आणि ती मी कधीच नाकारली नाही.

बसवायचं काम साजगावच्या मिस्त्रीला दिलं. तो कारखान्यात पाळी करायचा आणि उरलेल्या वेळात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या उघडायचा. हात सोन्याचा. त्याची मजुरी मी पाडली. आमच्याकडे रीत अशी, की मजुरी पाडली तर निघालेला जुना माल मिस्त्रीचा. तेही ठरलं. शिवाय त्याने मागच्या अॅक्सलमधली लहान दातेरी चाकं वेल्ड करून दिली, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरणार, एक चिखलात गरगरत आणि दुसरं थिजलेलं असं व्हायचं नाही. असलं लॉक कंपनीचं विकत मिळतं म्हणे. आमच्यासाठी वेल्डिंगची कांडी हेच लॉक.

दहिवलीला नदीच्या रेतीत मी जीप चारही चाकांवर चालवून पाहिली. मस्त चालली. डांबरी रस्त्यावर वळताना मागचे टायर किंचाळायचे, गाडी अडखळायची, पण वेल्ड केलेला अॅक्सल तसंच करतो हे मला माहीत होतं. त्यामुळे प्रत्येक विचित्र आवाज मी त्या वेल्डिंगच्या माथी मारला.

परीक्षेच्या दिवशी ट्रेलरमध्ये पंधरा गोणी सिमेंट भरलं. पहिला टप्पा मातीचा होता, तो जीपने असा काढला की कंत्राटदाराने मान डोलावली. मग कातळ लागला. मातीत आणि रेतीत चाक थोडं घसरून आपलं भागवून घेतं. कातळावर घसरायला जागाच नाही. पुढची चाकं एका चालीने जाऊ बघत होती, मागची दुसऱ्या. जीप कुबड काढून उभी राहिली. चारही चाकांची जोडणी सोडवायला लिव्हर ओढू गेलो तर तो दगडासारखा घट्ट. मी चिडून अजून रेस दिली आणि पोटाखाली फाडकन आवाज झाला. पुढच्या अॅक्सलला जोर नेणाऱ्या शाफ्टचा सांधा, म्हणजे क्रॉस, तुटला.

गोणी उतरवून बाया-माणसं डोक्यावरून वर नेऊ लागली. एक म्हातारी गोणी सावरत माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "तू पन बस रं डोक्यावर. तुला बी नेते वर." सगळे हसले. कंत्राटदार हसला नाही. तीन दिवसांनी ट्रॅक्टरवाल्याला निरोप धाडतो, एवढंच बोलून तो उतरून गेला.

जीप ओढत खाली आणली आणि तिथेच झाडाखाली पुढच्या अॅक्सलचं झाकण उघडलं. खडूची खूण करून एकेक दात मोजला. एकोणचाळीस. परत मोजला. एकोणचाळीसच. जे माझ्या गाडीत आधीपासून होतं तेच मी कुर्ल्याहून गोणपाटात विकत आणलं होतं.

कुर्ल्याच्या म्हाताऱ्याने फसवलं, त्याचा मला फार राग आला नाही. बाजारात तो माझा शत्रू होता आणि मी त्याचा. पण मिस्त्री? त्याने माझ्या जीपमधून एकोणचाळीसची जोडी काढली आणि एकोणचाळीसचीच आत घातली. दोन्ही त्याच्या फळीवर शेजारी शेजारी पडल्या होत्या. त्याला दिसलंच असणार.

मी साजगावला गेलो. तो फाइलने काहीतरी घासत होता. विचारलं, तुला कळलं होतं का? त्याने वर पाहिलंही नाही.

"कळलं व्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी बसवायचे पैसे ठरवले व्हते. मोजायचे नाय."

आजही हे वाक्य आठवलं की माझे कान तापतात. मी मजुरी पाडली, कबूल. त्याने नको म्हणायचं होतं. दार लावून घ्यायचं होतं, मला शिव्या द्यायच्या होत्या. भाव हा बोलून होतो, दोघांच्या तोंडावर होतो. पण होय म्हणायचं, काम हातात घ्यायचं आणि माणूस खड्ड्यात चालला आहे हे बघत गप्प बसायचं, हा कुठला भाव? मी हे सगळं त्याला ओरडून सांगितलं. शेजारचे लोक कुंपणाशी गोळा झाले. तो घासत राहिला. माझा आवाज बसल्यावर तो उठला, शेडच्या कोपऱ्यातली ताडपत्री बाजूला केली आणि म्हणाला, "त्रेचाळीसची हाय माझ्याकडं. पायजे का?"

पहिल्यापासून होती. मी कुर्ल्याला गेलो तेव्हाही होती. मी कधी विचारलंच नव्हतं, कारण इथल्या माणसाकडे स्वस्त मिळेल असं मला वाटलंच नाही.

त्याने मजुरीसकट भाव सांगितला. पुरा सांगितला, वर थोडा चढवूनच. कुंपणावरचे लोक वाट बघत होते, आता हा घासाघीस करणार म्हणून. मी सायकल विकून आणि एका ट्रकमालकाकडून पुढच्या महिन्याच्या कामाची उचल घेऊन दुसऱ्या दिवशी पैसे आणले आणि एक पैसा कमी न करता फळीवर ठेवले. मग म्हणालो, "आता मोज. माझ्यासमोर. मोठ्याने."

"बसवायला सांगा, बसवतो."

"आधी मोज."

त्याने फडक्याने क्राउन पुसला आणि बोट ठेवत मोजू लागला. विसापर्यंत पुटपुटत होता. मी म्हणालो, ऐकू येत नाही. त्याने परत एकापासून सुरुवात केली. त्रेचाळीसवर तो थांबला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मी मान हलवली. संध्याकाळपर्यंत त्याने क्रॉस बदलला आणि जोडी बसवली. जुना माल कुणाचा, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढून निघालेली एकोणचाळीसची ती जोडी मी उचलून जीपमध्ये टाकली.

तिसऱ्या दिवशी पंधरा गोणी कातळावरून वर गेल्या. खेपा मला मिळाल्या. कंत्राटदाराने दर मात्र आधीपेक्षा खाली आणला, आणि मी त्याच्याशी दुपारपर्यंत भांडलो.