सहा मजल्यांचं चूलबंद

कप आधी खाली ठेवा बरं. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याच्या बायकोनं शिव्या मला दिल्या. ठेवला? मग ऐका. माणसानं आयुष्यात किती माती खावी याला काही सुमार असतो. मी त्या रविवारी अख्खं शेत खाल्लं!

आमची इमारत बीडमधली जुनी. सहा मजली. बांधली तेव्हा गावोगावचे लोक लिफ्ट बघायला यायचे म्हणे. खोटं वाटतं? नेकनूरहून आमच्याच घरचे आलते. येसटीनं येऊन, लिफ्टमधून वरखाली करून, पुन्हा येसटीनं परत!

तर या इमारतीला एक धुराडं आहे. विटांचं, तळापासून गच्चीपर्यंत, आत माणूस उतरेल एवढं रुंद. तेव्हा गॅस मिळायची मारामार, घरोघरी शेगड्या. म्हणून बांधणाऱ्यानं सगळी स्वयंपाकघरं या एका धुराड्याला जोडून टाकली. पुढं शेगड्या गेल्या, गॅस आले, त्यावर पंख्याच्या चकचकीत चिमण्या आल्या. पण सगळ्यांचे पाइप त्याच धुराड्यात.

आणि धुराडं तुंबलेलं. काजळीनं गच्च!

मग काय व्हायचं? खाली मिरच्या भाजल्या की सहाव्या मजल्यावर आम्ही ठसकायचो. आमच्या बायकोला तर नुसत्या वासावरून सगळ्या इमारतीचा सैपाक कळायचा. "दुसऱ्या मजल्यावर आज वांगं हाय. आन् करपलंय."

शेवटी तिनं मला सुनावलं. "तुमी या बिल्डिंगचे सेक्रेटरी ना? मग ते धुराडं साफ करून घ्या. न्हाईतर मी चालले माहेरी, तिथं वासरं तरी धुरात ठिवत न्हाईत."

मी नेकनूरच्या गफूरमिस्त्रीला गाठलं. पोरसवदा वयापासून भट्ट्या, धुराडी, बेकऱ्या साफ करणारा माणूस. गच्चीवर जाऊन त्यानं धुराड्यात डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "सेक्रेटरीसाब, दोरानं वरून उतरतो. रविवारी सगळं खरवडून काढतो. पर एक अट. मी आत असेपर्यंत एकाबी घरात चूल पेटायची न्हाई. न्हाईतर माझा कबाब होतो."

"बिनघोर उतरा," मी म्हटलं. "चूलबंद ठेवतो!"

आता इथं माझ्या नशिबाचा पाय घसरला.

सगळ्यांना कळवायचं होतं. मागं एकदा मी आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पाणी बंद' असं लिहिलं, तर लोकांनी बादल्या, पातेली, पोरांचे टब भरून टाकीच रिकामी केली. 'गॅस बंद' लिहिलं असतं तर सिलिंडरच्या दुकानापुढं रांग लागली असती. म्हणून म्हटलं, जरा गोड भाषेत लिहू. आणि लिहिलं:

'येत्या रविवारी आपल्या सर्व घरांना चूलबंद. कुणीही घरी चूल पेटवू नये, ही नम्र विनंती. आपला, सेक्रेटरी, सहावा मजला.'

हसलात? हसणारच! तुम्हाला कळलं. मला नाही कळलं!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं जेवणाचं आवतन दोन तऱ्हेचं असतं. एक, घरटी एक माणूस. दुसरं चूलबंद. म्हणजे म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळं खटलं जेवायला या, त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटता कामा नये! याच्यापेक्षा मोठं आवतन नाही. लग्नात सुद्धा लोक चूलबंद म्हणताना दहादा विचार करतात. अन् मी, चूलबंद आवतनं जेवून जेवून पोसलेला माणूस, सहा मजल्यांना चूलबंद सांगून मोकळा झालो!

ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं धबाधब पडायला लागली. 'नक्की येऊ.' मी मनात म्हटलं, काय लोक आहेत! नुसती चूल बंद ठेवायची तर मदतीला पण येणार म्हणतात!

एकानं विचारलं, 'किती वाजता?'

मिस्त्री अकराला उतरणार होता. लिहिलं, 'अकरापासून.'

दुसऱ्यानं विचारलं, 'काही विशेष?'

आता बघा, मला नीट 'धुराडं साफ करायचंय' असं लिहिता आलं नसतं का? आलं असतं. पण मला जरा फुलवून लिहायची खोड. मी लिहिलं, 'लई दिवसांचं साचलंय. एकदाचं सगळं बाहेर काढून मोकळं व्हायचंय.'

आणि मग आला एक अंगठा. अण्णांचा!

अण्णा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे. पाली गावाकडचे मोठे बागायतदार, नातवंडांच्या शाळेसाठी इथं फ्लॅट घेतलेला. आमचं दोघांचं एका ताटात जेवण होतं. पण एकदा त्यांनी नातवाच्या दुधासाठी शेळी लिफ्टमधून वर नेली, आणि मी ते चार लोकांत सांगितलं. आता शेळी लिफ्टमधून गेली, यात काय मजा? म्हणून मी थोडंसं वाढवलं, की शेळीनं स्वतःच दोन नंबरचं बटन दाबलं. झालं! अण्णा कुठल्याही लग्नात गेले की लोक विचारायचे, "अण्णा, शेळी कितव्या मजल्यावर राहती?" तेव्हापासून अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. जिन्यात समोर आले तरी भिंतीकडं बघायचे. खोटं कशाला बोलू, मला ते लई लागायचं. दुसरा दोस्त कुठं होता मला?

म्हणून तो अंगठा बघून मी बायकोला म्हटलं, "बघ! माणूस सहकार्य करतोय!"

रविवार उजाडला. गफूरमिस्त्री आणि त्याचा मेहुणा गच्चीवर गेले. दोर बांधला, मिस्त्री आत उतरला. मी निवांत. बायकोनं सकाळी वाटीभर चिवडा पुढं ठेवला, म्हणाली, "आज सैपाक न्हाई. दुपारी केळी खा."

अकराला बेल वाजली.

दार उघडतो तर पहिल्या मजल्यावरचे जोशीकाका, काकू, पोरगा, सून, आणि सुनेची आई! काकूंच्या अंगावर पैठणी. काकांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला.

"अहो काका, हे कावून?"

"आवतनाला मोकळ्या हातानं यावं का?"

आवतन? मी कधी आवतन दिलं? तेवढ्यात लिफ्ट उघडली, अन् त्यातून तिसरा मजला. जिन्यातून चौथा. पाचव्यावरचे तर आपले पाहुणे पण घेऊन आलते. कुणी म्हणतंय सेक्रेटरीच्या पोरीचं जमलं, कुणी म्हणतंय याला तिकीट मिळालं. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नाही!

बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "काय लिवलंवतं तुमी?"

मी फोन दाखवला. तिनं वाचलं. कपाळावर हात मारला. "चूलबंद लिवलंय! मला लगीन करून आनताना तुमच्या आईनं चूलबंद सांगितलंवतं. त्येवढं बी ध्यानात न्हाई?"

"आता खरं सांगून टाकतो," मी म्हटलं. अन् टोपी काढून बाहेर आलो.

आणि दारात अण्णा!

पांढराशुभ्र फेटा. मागं वहिनी, दोन्ही पोरं, सुना, नातवंडं. इतक्या दिवसांनी अण्णांनी माझ्याकडं बघितलं. माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मोठं मन केलंस गड्या."

सांगा बरं, आता खरं कसं सांगू? तुम्ही सांगितलं असतं? 'अण्णा, चुकून लिहिलं, जा घरी, चिवडा खाऊन झोपा'? मी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"या अण्णा. तुमचीच वाट बघत होतो."

बायको आतून बघत होती. तिचे डोळे म्हणत होते, मेलात.

आता पेच बघा. घरात पन्नासेक तोंडं. आणि सहाही मजल्यांवर एक गॅस पेटवायची सोय नाही, कारण मिस्त्री धुराड्यात! हॉटेलातून आणावं? चूलबंद सांगून हॉटेलचं वाढलं, हे नेकनूरला कळलं असतं तर माझं नाव कुत्र्याला ठेवलं असतं.

पण मी कोण? मी छाती काढून ओरडलो, "मंडळी, खाली चला! गॅसवरचं अन्न मी अण्णांना वाढीन का? खाली चूल मांडलीय. पिठलं-भाकरी, चुलीवरची!"

सगळ्यांना काय आनंद झाला! पीठ कुठून आणणार? त्याचीही सोय जिभेवर होतीच. "आन् हे बघा, आमच्या नेकनूरची पद्धत हाय. चूलबंदला प्रत्येक घरानं आपलं पीठ अन् बेसन आणायचं. त्यानं जिव्हाळा वाढतो."

जोशीकाकू म्हणाल्या, "माझं माहेर नेकनूरचं. मी तर कधी ऐकली नाही ही पद्धत."

"वरच्या आळीची हाय, काकू."

पार्किंगच्या कोपऱ्यात वारा लागत नव्हता. तिथं भिंतीत जमिनीलगत एक चौकोनी भोक, लोखंडी झाकण उघडं टाकलेलं, पुढं थोडी काजळी. म्हटलं कुणीतरी कचरा जाळला असेल. झाडून घेतलं, तीन दगड मांडले, लाकडं रचली आणि काडी ओढली.

अन् काय चूल पेटली म्हणून सांगू! धूर डोळ्यांत नाही, नाकात नाही. सगळा धूर सरळ त्या भोकात ओढला जात होता. पोरगी सासरी जावी तसा, मागं वळून बघत नव्हता!

अण्णांच्या सुना भाकऱ्या थापत होत्या. एक म्हणाली, "काका, लई चुली बघितल्या, पन बिनधुराची पहिल्यांदाच बघितली."

"कसब लागतंय पोरी," मी लाकूड आत सारत म्हटलं. "चूल मांडायची बी जागा कळावी लागती."

पिठलं रटरटलं. पंगत बसली. मी स्वतः अण्णांच्या ताटात वाढलं. अण्णांनी भाकरी मोडली, पहिला घास घेतला. मला वाटलं, देव पावला! आणि तेवढ्यात भिंत ओरडली.

हो! भिंत! "अरे मेलो रे! बुजाव! आग बुजाव बे!"

पोरं आयांना बिलगली. जोशीकाकू म्हणाल्या, "भिंतीत कोण आहे?" वर खडाखड आवाज, मेहुण्याच्या आरोळ्या, दोर ओढल्याची घासाघीस. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून धूर, दुसऱ्याच्या खिडकीतून धूर, सगळ्या मजल्यांतून धूर! आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला. ते भोक कसलं होतं, ते! काजळी खाली काढायला मिस्त्रीनंच सकाळी झाकण उघडलं होतं. आणि आता त्यानं मधला काजळीचा बोळा फोडला, तसा तोवर खाली कोंडलेला सगळा धूर त्याच्या तोंडावर गेला होता. धुराड्याचं तोंड कुठं आहे, हे खुद्द सेक्रेटरीलाच माहीत नव्हतं.

मी घागरभर पाणी चुलीवर ओतलं. फस्स!

थोड्या वेळात जिन्यातून एक आकृती खाली आली. डोक्यापासून पायापर्यंत काळी. नुसते डोळे आणि दात. खोकत, धापा टाकत. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो अर्धा प्यायला, अर्धा डोक्यावर ओतला, आणि मग तोंड उघडलं.

"कौन है बे चूल पेटवणारा?"

पंगतीतली सगळी बोटं माझ्याकडं वळली.

"सेक्रेटरीसाब? तुमी? अहो, तुमीच म्हणले ना, मिस्त्री बिनघोर उतरा, मी सगळ्यांना सांगून चूलबंद ठेवतो! धुराडं साफ होईपर्यंत एकबी चूल पेटनार न्हाई! हे ठेवलं व्हय चूलबंद?"

जोशीकाकांनी हळूच माझ्या डोक्यावरच्या टोपीकडं बघितलं. परत मागतात की काय, असं वाटलं.

अण्णांचा घास हातातच राहिला. "म्हंजे ते आवतन न्हवतं?"

खोटं सुचतं का बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा सुचलं नाही. "न्हाई, अण्णा."

"आन् ते लई दिवसांचं साचलंय, बाहेर काढायचंय म्हणून लिवलंवतंस, ते?"

"काजळी, अण्णा."

"म्हंजे तू माझी माफी बी मागितलेली न्हाईस."

मी मान खाली घातली. म्हटलं, गेले अण्णा. आता ताट सारून उठणार, आणि पुन्हा जन्मभर भिंतीकडं बघणार.

अण्णांनी घास तोंडात टाकला. सावकाश चावला. गिळला. मग म्हणाले, "मग बरं झालं."

"कावून, अण्णा?" माझ्या आवाजात नुसती आशा!

"मला उगं वझं झालंवतं. तू माफी मागितली म्हणल्यावर मला माफ करावं लागंल ना! आता न्हाई करत."

"पन आल्या आल्या तुमीच म्हणालात की, मोठं मन केलंस..."

"तू केलंस म्हणलो. मी कुठं केलं? तुझा मेसेज बघून सुनांनी सकाळपासून चूल पेटवली न्हाई. भूक लागली म्हणून आलो. बस तू. न्हाई, बसू नको. मिस्त्रीला ताट वाढ आदी. मग मला पिठलं वाढ. खारट केलंयस, पन वाढ."