कोमल निषादाची जागा

चांद्याच्या मिशन शाळेत मी शिकवायची आणि रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवायची. पुस्तकात जसं छापलं तसंच वाजवायची. चूक कधी होत नसे. बल्लारशाहचा एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर, अँग्लो-इंडियन म्हातारा, पियानोचे सूर लावायला आला, तेव्हा त्यानं माझं एक गीत शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अच्छा है बाई," तो म्हणाला, "मगर सब सिपाही के माफिक चल रहा है."

मग तो स्वतः बसला. सा-ग-प या सुरांवर त्यानं कोमल निषाद ठेवला आणि थांबला. माझा कान आपोआप मध्यमाकडे धावला. त्यानं तो सूर दिला, तेव्हा मी चक्क हसले. डावा हात एकेक पायरी उतरत होता, उजवा हात ओळ संपल्यावर तिला उत्तर देत होता. रेल्वेच्या क्लबात नाचाला तो असंच वाजवायचा. पुढे दर शनिवारी बल्लारशाहला जाऊन मी ते त्याच्याकडून शिकले.

आमच्या चर्चमध्ये सावली गावाकडची एक बाई येत असे. धानाची शेती करायची. आवाज असा, की रोवणीच्या बांधीत गायली तर पलीकडच्या शेतात ऐकू जाईल. पण प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द ती लांबवायची, सगळे पुढे निघून जायचे आणि लोक मागे वळून बघायचे. हळूहळू तिनं गाणंच सोडलं.

मी विचारलं तर म्हणाली, "मले तुमच्या बाजामागं धावता येत नाई, बाई."

"तुम्ही नका धावू. मी थांबते."

नव्या धानाच्या उपासनेला मी तिला पुढे उभं केलं. तिनं शब्द ताणला. मी कोमल निषाद धरून ठेवला, ती त्या शब्दावरून उतरेपर्यंत डाव्या हातानं चालत राहिले, मग तिला उत्तर दिलं. तिनं डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ दुप्पट जोरात उचलली.

पहिल्या बाकावरचे चर्चचे एक वडीलधारे उठले. "बाई, हा नाचाचा बाजा इथी काऊन वाजवून राह्यल्या?"

हात न थांबवता मी म्हणाले, "भाऊ, पुढचं कडवं म्हणा. मग सांगा."

ते उभेच राहिले. पण मागच्या बाकांवरून बायकांनी सूर धरला होता, आणि त्या सगळ्या आता तिच्याच चालीनं, लांबवून गात होत्या. तिसऱ्या कडव्याला भाऊंचे ओठ हलताना मी पाहिले.

बाहेर पडताना ते म्हणाले, "गाणं बरं झालं. तुम्ही मात्र हलता लय."

"हलल्याशिवाय ते वाजतच नाही," मी सांगितलं.

पुढच्या रविवारी सावलीची बाई न बोलावताच पुढे येऊन उभी राहिली.