वाटी पडली की पळायचं

माझे सासरे तेरा वर्षं स्लॅबच्या घरात झोपले नव्हते, आणि त्यांची भीती मोडावी म्हणून मी त्यांना भुताचा सिनेमा दाखवला.

ऐकायला हे वेडेपणाचं वाटतं. करतानाही वेडेपणाचंच होतं, पण तेव्हा मला कोणी तसं बोललं नाही. (मंगल, म्हणजे आमची बायको, बोलली होती. पण ती रोजच बोलते.)

सासरे किल्लारीचे. भूकंपात घर गेलं, सासूबाई गेल्या. पुढे नव्या गावठाणात पक्कं घर मिळालं, तर त्यात त्यांनी सोयाबीनची पोती ठेवली आणि आपण दारापुढे पत्र्याचं शेड मारून राहिले. आता गुडघे गेले, नजर अधू झाली. वडिलांनी, म्हणजे तिच्या आबांनी, लातूरला आपल्याकडे राहायला यावं, एवढा एकच ध्यास मंगलनं घेतला होता. आणि आमचं घर तर डोक्यावर स्लॅब, त्याच्यावर आणखी एक मजला, त्यात क्लाससाठी आलेली आठ पोरं भाड्यानं. सासरे आजवर अंगणातच चहा पिऊन परत जायचे.

मी क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो. लातुरात फिजिक्सच्या सरांकडे मोटार असते, बायोलॉजीच्या सरांकडे दोन असतात आणि इंग्रजीच्या सरांकडे मतं असतात. माझं मत असं की माणूस गोष्टीत गुंगला की डोक्यावर काय आहे ते विसरतो. गुंगवायला मी एका कादंबरीवरच्या सिनेमाची डीव्हीडी आणली. मारामारी नाही, किंचाळ्या नाहीत; सगळं संथ, माणसाला आतून हळूहळू पोखरणारं. कादंबरी मी दोनदा वाचली होती. (एकदा अर्धी वाचली, एकदा वाचली म्हणून सांगितलं.)

"अहो, त्यांना आधीच भीती, त्यात भूत कशाला?" मंगल म्हणाली.

"काट्यानं काटा काढायचा," मी म्हणालो.

रविवारी दुपारी सासरे आले ते अट घालूनच. "सांजच्या यष्टीनं माघारी जाणार." मग त्यांनी मंगलकडून एक पातेलं, तांब्या आणि वाटी मागून घेतली. टीव्हीच्या स्टँडवर पातेलं उपडं ठेवलं, त्यावर तांब्या उपडा आणि अगदी टोकावर वाटी. भूकंपानंतर तिकडे घराघरात ही उतरंड असायची. जमीन जराशी हलली की वाटी खणकन पडणार आणि माणसं बाहेर. बाकीच्यांनी कधीच मोडली, सासऱ्यांनी नाही.

"वाटी पडली की पळायचं," त्यांनी मला बजावलं. "चपला हुडकायच्या न्हाईत."

"मामा, इथं काही हलत नाही," मी हसून म्हणालो.

ते दाराजवळ खुर्चीवर बसले. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. मी पडदे ओढले, साउंडचा नवा डबा स्टँडवर पातेल्याला खेटून ठेवला आणि सिनेमा लावला.

पहिली दहा मिनिटं एक बाई एका दाराकडे बघत होती.

"काय बघायलीय ही?" सासऱ्यांनी विचारलं.

"दार, मामा."

"लावलेलं हाय का उघडं?"

"तेच तर तिला कळत नाही."

"मग उठून बघावं की. बाई लई आळशी हाय."

आणखी वीस मिनिटं गेली. बाई आता जिन्याकडे बघत होती.

"जावईबापू, भूत कवा यायचं?"

"मामा, यातलं भूत येत नाही. ते आधीपासून घरातच असतं."

"म्हंजे भाडेकरू हाय."

"गप्प बसून बघायचं असतं हे," मी जरा सरांच्या आवाजात म्हणालो. तर ते म्हणाले, काही ऐकूच येईना. येणार कुठून? बाई बोलतच नव्हती, मागे नुसती एक खोल घरघर चालली होती. मी ती घरघर वाढवली. आणि मग पाहतो तर काय, सासऱ्यांचा बाहेरचा पाय आत आला होता! स्वयंपाकघराच्या दारातून मंगलनंही पाहिलं. तिनं पदर डोळ्यांना लावला. मला इतका आनंद झाला की मी आवाज आणखी वाढवला.

बाई उठली. दाराशी गेली. कडीला हात लावला. पुढे काय होणार ते मला माहीत असायला हवं होतं, पण माझी कादंबरी त्याच्या अलीकडेच संपली होती. दार आपोआप उघडलं. आत काळोख. घरघर वाढत वाढत गेली आणि खणकन वाटी पडली.

पुढचं मला मंगलनं सांगितलं, कारण मी तिथं नव्हतो.

मी म्हणे सासऱ्यांच्या गुडघ्यांवरून उडी मारून गेलो. "भूकंप" असं एकदा ओसरीत ओरडलो, एकदा फाटकात आणि मग गल्लीभर. वरची आठही पोरं पुस्तकं घेऊन खाली आली. समोरची, शेजारची सगळी घरं रिकामी झाली. मी मधोमध अनवाणी, बनियनवर, हातात टीव्हीचा रिमोट.

सगळे घरांकडे बघत उभे. घरं जागच्या जागी.

वरच्यातलाच एकजण हळूच म्हणाला, "सर, मॅडम कुठंयत?"

मॅडम आत होत्या. त्यांचे वडीलही. त्या क्षणी खरोखरच जमीन फाटून मला पोटात घेती तर बरं झालं असतं, पण ती काही हलेना.

मग दारात सासरे आले. सावकाश, भिंतीला धरून.

"या आत, जावईबापू. जमीन न्हाई हालली, तुमचा डबा थरथरला. खरा आला की तळपायाला आधी कळतंय." एवढं बोलून ते हसायला लागले. खुर्चीवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आई गेल्यापासून आबांना असं हसताना पाहिलं नव्हतं, असं मंगल म्हणाली आणि स्वतः रडायला लागली. मी रिमोट घेऊन मधे उभा.

"मला वाटायचं, भ्यायला मी एकलाच उरलो," सासरे डोळे पुसत म्हणाले. "हितं तर जावईबापू माझ्या म्होरं हायत."

सांजची यष्टी गेली. त्यांनी जायचं नावच काढलं नाही. जेवणं झाल्यावर मधल्या खोलीत, बरोबर स्लॅबखाली, अंथरूण घालायला सांगितलं. मग पातेलं, तांब्या, वाटी उचलून मंगलच्या हातात दिली.

"घे, आत ठिव."

"आबा, मग हललं तर कळायचं कसं?"

"जावईबापू हायत की. वाटीच्या आधी पळत्यात."

या गोष्टीला चार वर्षं झाली. सासरे मधल्या खोलीत घोरतात. तांब्या-वाटी फडताळात गेली, आणि माझी खाट त्यांनी दाराजवळ टाकायला लावली आहे, वाटेत कोणाचे गुडघे येणार नाहीत अशी.